मांडवावरचं पाणी, तबल्यातली ओल

डिसेंबर आला की पुण्यात सवाईचे वेध लागतात. पं. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव मोकळ्या मैदानात मांडव घालून होतो. त्यासाठी हा महिना तसा भरवशाचा, कारण पुण्यात डिसेंबरभरात सरासरी पाऊस पडतो तो जेमतेम काही मिलिमीटर. २०१४ साली मात्र ऐन वेळी अवकाळी पावसाने गाठलं, आणि ६२वा महोत्सव पुढे ढकलून १ ते ४ जानेवारी २०१५ असा घ्यावा लागला.

अशा वेळी हमखास कुणीतरी म्हणतं, पाऊस काय, तासा-दोन तासांत थांबतो, एवढ्यासाठी कार्यक्रम कित्येक दिवस पुढे कशाला? हा प्रश्न पाण्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की ते १ लिटर पाणी होतं. ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद मांडव धरा. त्यावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे चार टँकर. ते वाहून गेलं तर ठीक. पण कापडाला कुठे झोळ पडला की पाणी तिथेच साचतं, वजनाने झोळ वाढतो आणि वाढलेल्या झोळात आणखी पाणी येतं. दोन मीटर लांब-रुंद झोळात सरासरी वीतभर पाणी साठलं, तरी श्रोत्यांच्या डोक्यावर आठशे किलोंच्या आसपास भार लटकत असतो.

वाऱ्याचा हिशेब याहून कडक. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला चार किलोंच्या आसपास भरतो, ताशी ६० ला तो सतरा किलोंवर जातो. मंचामागचा पडदा १२ बाय ६ मीटरचा असेल तर झालं सव्वा टन. तेही भिजून मऊ झालेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर.

आता पाऊस थांबला असं समजा. जमिनीत मुरलेलं पाणी उडून जायला ऊन आणि वारा लागतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. मैदानात वीस हजार लिटर मुरलं असेल तर चौदा हजार युनिटं! हिवाळ्यातलं ऊन तिरपं, त्यात आभाळ भरलेलं. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पाणी उडालं तरी पुष्कळ. शिवाय मांडवाखाली तेवढंही ऊन पोचत नाही. ज्या छताने पावसापासून वाचवायचं, तेच ओल धरून ठेवतं. आणि सवाईचा खरा श्रोता भारतीय बैठकीवरचा, सतरंजीवर मांडी घालून तासन्‌तास ऐकणारा. विजेच्या तारा आणि ध्वनियंत्रणाही त्याच ओल्या जमिनीवरून गेलेल्या असतात. एवढ्यावरच मला कार्यक्रम पुढे ढकलण्याचा निर्णय पूर्ण पटतो.

हिवाळ्यात हा पाऊस येतो कुठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, एरवी हिमालयात बर्फ आणि उत्तरेत पाऊस देतात. कधी त्यांची वरच्या हवेतली थंड शेपटी बरीच दक्षिणेला उतरते. त्याच वेळी खाली समुद्रावरून बाष्प येत असेल, तर वर थंड आणि खाली दमट-उबदार अशी अस्थिर हवा तयार होते. दमट हवा उसळी घेते आणि गडगडाटी ढग उभे राहतात. अशी परिस्थिती जुळून येणार हे दोन-तीन दिवस आधी सांगता येतं. पण एकेका ढगाचं आयुष्य तासाभराचं, त्यामुळे तो नेमका कोणत्या पेठेवर कोसळेल हे रडारवरही थोडा वेळ आधीच कळतं. हजारो माणसांना बसवून त्या थोड्या वेळावर विसंबायचं नसतं.

वाद्यांचं काय? मंचाजवळ बसलं की दिसतं, दमट हवेच्या दिवशी तबलजींची हातोडी पुन्हा पुन्हा गजऱ्याकडे, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या विणलेल्या चामडी कडेकडे जाते. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. हवेतली ओल कातड्याच्या तंतूंत शिरते, तंतू सैलावतात, ताण घटतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी झाला, की पेटीच्या काळी एक पट्टीला लावलेला तबला पांढरी एकवर, म्हणजे अर्धा सूर खाली येतो. तंबोऱ्याच्या धातूच्या तारा ओल पीत नाहीत. त्यांच्या षड्‌जाशेजारी उतरलेला तबला कानाला लगेच टोचतो. मग गजऱ्यावर वरून खाली घाव घालायचे, तेवढ्याने भागलं नाही तर तबल्याच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे खाली सरकवायचे. पुडी पुरेपूर ओली झाली तर तिचा खणखणीत नादच हरवतो, आणि तो हातोडीने परत आणता येत नाही.

जानेवारीतल्या कोरड्या थंड हवेत याच्या उलट घडतं. कातडं आवळतं, तबला चढू लागतो, आणि हातोडीचे घाव गजऱ्याला खालून वर बसू लागतात.