जठराचा कॅन्सर उलटल्यावर: उपचार इथवर कसे आले

जठराचा कॅन्सर ऑपरेशननंतर उलटला आणि यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर पसरला, की सर्जन सहसा पुन्हा ऑपरेशन सुचवत नाहीत. घरच्यांना ते जिवाला लागतं. ‘एकदा काढला, तसा परत काढून टाका ना!’

याचं उत्तर पहिल्या यशस्वी ऑपरेशनमध्येच आहे. जानेवारी १८८१ मध्ये व्हिएन्नात सर्जन थिओडोर बिलरोथ यांनी एका बाईंच्या जठराचा रोगट भाग काढला. जखम भरली, बाई जेवू लागल्या. पण सुमारे चार महिन्यांत आजार पसरून त्या गेल्या. पेशी आधीच बाहेर पडलेल्या असतील, तर सुरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तिथे पोचतं ते औषध. १९५७ चं फ्लुरोयुरॅसिल आजही केमोचा कणा आहे. तरी पसरलेल्या आजारात केमोने आयुष्य वाढतं, याचा पुरावा १९९० च्या दशकात मिळाला: नुसत्या आधार-उपचारांवर तीन-चार महिने, केमोवर साधारण नऊ-दहा.

खरं वळण २०१० चं. ज्यांच्या गाठीत हर-टू (HER2, पेशींना वाढीचा इशारा देणारं) प्रथिन जास्त असतं, त्यांना केमोसोबत त्या प्रथिनावर बेतलेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. ज्या घरात हा आजार आहे, तिथे हे पावणेतीन महिने किरकोळ नसतात. पहिली केमो निष्फळ ठरलेल्यांसाठी २०१४ मध्ये पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या जोडीला रॅम्युसिरुमॅब हे औषध आलं. २०२१ पासून निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारा उपचार) सुरुवातीच्या केमोसोबतच देता येऊ लागली.

नाशिककरांसाठी मोठ्या उपचाराची वाट वर्षानुवर्षं पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि पुढे परळचं टाटा, अशीच होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली (आताची महात्मा फुले योजना) आणि अनेकांना केमो नाशकातच घेता येऊ लागली. इम्युनोथेरपीचा खर्च मात्र अजून बहुतेक घरांना झेपत नाही.

टाटाला निघणाऱ्यांच्या पिशवीत फाईल, सीडी आणि बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, असतो. ब्लॉक जपायलाच हवा, पण आजार उलटल्यावर तेवढ्यावर भागेलच असं नाही. ट्रास्टुझुमॅब घेतलेल्या काही रुग्णांच्या गाठीतून हर-टू नाहीसं होतं आणि त्याच प्रथिनावर बेतलेलं पुढचं औषध, ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान, द्यायचं की नाही, हे ठरवायला शक्य असेल तिथे नवा तुकडा घेऊन तपासणी पुन्हा करावी लागते.