पोस्टरवरचा राक्षस, पडद्यावरचा राक्षस

अंगात गोरिलाचा केसाळ पोशाख, डोक्यावर पाणबुड्यांच्या टोपासारखं हेल्मेट, वर ॲन्टेना. 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये (१९५३) पृथ्वीवासीयांना संपवायला आलेला परग्रहवासी तो हा. यंत्रमानवाचा पोशाख परवडत नव्हता आणि जॉर्ज बॅरोज या नटाकडे गोरिलाचा पोशाख घरचाच होता. प्रश्न मिटला.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत असे स्वस्तातले राक्षसपट ढिगाने निघाले, त्यामागे एक निकाल आहे. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बड्या स्टुडिओंची थिएटरांवरची मालकी मोडीत काढली. स्टुडिओंनी मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायच्या स्वस्तातल्या चित्रपटांतून अंग काढलं. थिएटरांना, विशेषतः गाडीत बसून पाहायच्या ड्राइव्ह-इनना, माल मात्र हवाच होता. मोठी माणसं टीव्हीपुढे बसली, उरली ती पोरं. १९५२ मध्ये 'किंग काँग' पुन्हा लावला तर त्याने चांगलाच गल्ला जमवला. राक्षस खपतो, हे सगळ्यांना कळलं.

१९५४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने तर उलटीच गंगा वाहवली: आधी नाव, मग पोस्टर, पटकथा नंतर. पोस्टरवरचा राक्षस शहरं चिरडायचा. पडद्यावरचा पॉल ब्लेसडेलने फोम रबर कापून, चिकटवून उभा केलेला असायचा. 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड'साठी (१९५६) त्याने शुक्रावरचा प्राणी बुटका केला, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण जास्त, अशी समजूत. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन सांगत की, नायिका बेव्हर्ली गार्लंडने त्याच्याकडे खाली पाहिलं आणि लाथ घातली. मग राक्षसाची उंची वाढवावी लागली.

हे चित्रपट अथपासून इतिपर्यंत गमतीदार असतात, असं म्हणणाऱ्याने ते पुरते पाहिलेले नसावेत. राक्षस खर्चिक, बोलणं फुकट. त्यामुळे सत्तरेक मिनिटांतला बराच वेळ शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकारी एका खोलीत नुसते बोलत बसतात. खरंच कंटाळा येतो. पण बोलतात ते अगदी मन लावून, आणि माझा जीव तिथेच अडकतो.

'द जायंट क्लॉ'मध्ये (१९५७) नायक जेफ मॉरो स्वतः कधी न पाहिलेल्या राक्षसी पक्ष्याला घाबरतो. पक्षी मेक्सिकोत वेगळा बनत होता. मॉरोला त्याचं दर्शन थेट थिएटरात झालं: लांब मान, फुगीर डोळे, डोक्यावर विस्कटलेला तुरा. प्रेक्षक हसू लागले, तेव्हा आपण गुपचूप बाहेर सटकलो, असं त्यानेच पुढे सांगितलं.