कार्लुकचा कप्तान

रॉबर्ट बार्टलेटचं नाव बहुतेकांना ठाऊक असतं ते उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या अमेरिकन शोधक पिअरीमुळे. १९०९च्या उत्तर ध्रुव मोहिमेत ‘रूझवेल्ट’ जहाजाचा कप्तान तोच होता. न्यूफाउंडलंडमधल्या ब्रिगसचा, दर्यावर्दी घराण्यातला. पण चौकशी समितीपुढे त्याला उभं केलं ते ‘कार्लुक’ने.

हे लाकडी जहाज १८८४ साली मासेमारीसाठी बांधलेलं. पुढे ते देवमाशांच्या शिकारीवर फिरलं. कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेचा प्रमुख स्टेफान्सन याने ते दहा हजार डॉलरला घेतलं. बार्टलेटला ते या कामाचं वाटत नव्हतं. ऑगस्ट १९१३मध्ये ते अलास्काच्या उत्तरेला बर्फात अडकलं. सप्टेंबरात स्टेफान्सन काही जणांसह शिकारीला म्हणून उतरला आणि मागे वादळाने जहाज पश्चिमेकडे वाहून गेलं. तो खरंच शिकारीला गेला होता का, यावर अजून वाद घातला जातो.

११ जानेवारी १९१४ला कार्लुक बुडालं. शेवटी एकटा बार्टलेट जहाजावर ग्रामोफोन लावून बसला होता, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. त्याने त्याआधीच बर्फावर निवारा आणि अन्नसाठा तयार ठेवला होता, हे मात्र सहसा राहून जातं. माणसं वाचली ती त्यामुळे.

बर्फावर २५ जण होते. आठ जण वाटेतच गेले. उरलेले १७ जण मार्चमध्ये सैबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर पोहोचले. तिथून बार्टलेट मदत आणायला, काताक्तोविक या तरुण इन्युपियाक (अलास्कातले मूळ रहिवासी) शिकाऱ्याला घेऊन कुत्र्यांच्या घसरगाडीने सैबेरियाकडे निघाला. समुद्रावरचा फुटता बर्फ, मग किनाऱ्याने पायपीट, असे सुमारे ११०० किलोमीटर. तिथल्या मूळ रहिवासी चुकची लोकांनी थारा दिला नसता तर हे दोघेही टिकले नसते. तिकडे बेटावर किरुक ही इन्युपियाक बाई सगळ्यांचे कपडे-बूट शिवत होती, तिचा नवरा कुरालुक शिकार आणत होता. तरी तिघे दगावलेच. ७ सप्टेंबरला ‘किंग अँड विंज’ हे जहाज बेटाशी पोहोचलं, तेव्हा १२ जण जिवंत होते.

चौकशीत बार्टलेटवर दोन ठपके आले: जहाज बर्फात नेलं आणि मोहिमेतला डॉक्टर मॅकाय आणि त्याचे सोबती अशा चौघांना बर्फावरून वेगळं निघू दिलं; वाटेत गेलेल्या आठांत हे चौघेही होते. पहिल्यात तथ्य आहे. दुसरा मला पटत नाही. त्या चौघांनी जाण्यापूर्वी कप्तानावर जबाबदारी नाही असं सही करून लिहून दिलं होतं.