आवाज फाटला तेव्हा : रॉक गिटारच्या टोनची पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशीला गिरगावात बेंजोची गाडी अजून नाक्यापलीकडे असते तेव्हाच तिचा कर्णा ऐकू येतो. बेंजो म्हणजे पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये उतरवणारा भाग, लावलेला बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केलेलं ताइशोगोतो. लोखंडी तारा, टाइपरायटरसारखी बटणं आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर. मिरवणुकीच्या गलक्यात ऐकू जावं म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. त्यामुळे सूर गुळगुळीत राहत नाही, त्याला करवतीसारखे दाते येतात आणि तो नेहमीपेक्षा लांब टिकतो. साउंडवाले याला म्हणतात, ‘आवाज फाटतोय’.

आमच्या चाळीतल्या मुलांनी पहिल्यांदा रॉक गिटार ऐकली तेव्हा ती कुणालाच परकी वाटली नाही. मला वाटतं, त्याचं कारण हेच. तो फाटलेला आवाज आमच्या कानात आधीपासून होता.

गिटार वाजवणारे चार जण जमले की बोलणं हटकून ‘टोन’वर येतं. हेंड्रिक्सचा टोन, गिल्मोरचा टोन, स्लॅशचा टोन. बोट, तार, पिकअप, पायाने दाबायचं पेडल, अ‍ॅम्प, स्पीकर आणि खोली या सगळ्यांतून मिळून जो आवाज कानावर पडतो तो टोन. एकाच रागाच्या एकाच स्वरावरून जाणकार गायक ओळखतो, तसा इथे एका सुरावरून वादक ओळखता येतो. यातले बहुतेक गाजलेले टोन ठरवून घडलेले नाहीत. काहीतरी मोडलं, कमी पडलं किंवा चुकीचं जोडलं गेलं, आणि कुणीतरी ते दुरुस्त न करता तसंच ठेवलं.

इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्यांना स्वच्छ आणि मोठा आवाज हवा होता, बाकी काही नाही. १९३०च्या दशकात बँडमधल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नसे. रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि १९३६ची गिब्सन ईएस-१५० यांनी ती अडचण सोडवली. मग लिओ फेंडर आले. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांची टेलिकास्टर १९५०-५१मध्ये आणि स्ट्रॅटोकास्टर १९५४मध्ये आली. गिब्सनची लेस पॉल १९५२ची. या गिटारांच्या एकेरी कॉइलच्या पिकअपमध्ये तारेच्या आवाजाबरोबर विजेची गुणगुणही शिरते. ट्यूबलाइटच्या चोकजवळ स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, घेऊन बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. त्यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल शेजारी-शेजारी ठेवल्या, म्हणजे गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज उरतो. पेटंटचा अर्ज १९५५चा, आणि १९५७पासून हे ‘हंबकर’ लेस पॉलवर बसू लागले. त्यांचा सिग्नल जास्त जोरकस होता. तो अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हला, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्यांना, लवकर त्यांच्या मर्यादेपर्यंत ढकलू लागला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लहरींचे शेंडे चपटे होतात. शेंडा चपटा झाला की मूळ सुराच्या वरचे नवे सूर त्यात जन्माला येतात. कानाला ते भरीव, खरखरीत, धारदार लागतं. हलका सूर आणि जोराचा सूर यांतलं अंतरही कमी होतं, म्हणून एक सूर धरला तर तो गायकाच्या लांब तानेसारखा टिकतो. इंजिनिअरच्या दृष्टीने मात्र हा दोष होता.

तो दोष सर्वांत आधी कुणी जवळ केला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. १९५८मध्ये लिंक रे यांनी पेन्सिलीने स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली होती. १९६०-६१च्या सुमारास नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांचं वादन फाटून आलं. ते तसंच ठेवलं गेलं. त्या वेळचे रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडी यांनी नंतर तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं, आणि गिब्सनने ते १९६२मध्ये मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला काढलं. सुरुवातीला त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वापरलं. त्यांच्या मनात ती धून खरं तर ब्रास वाद्यांसाठी होती, गिटारवर तात्पुरती वाजवलेली. तीच कायम झाली. मधल्या काळात, १९६४मध्ये, किंक्सच्या डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या लहानशा अ‍ॅम्पचा स्पीकर चक्क ब्लेडने चिरला होता.

लंडनमध्ये जिम मार्शल ड्रम शिकवत आणि वाद्यांचं दुकान चालवत. आयात केलेला फेंडरचा बासमन अ‍ॅम्प महाग पडे, म्हणून त्यांच्या माणसांनी त्याच सर्किटवर, तिथे मिळणारे भाग घालून, स्वतःचा अ‍ॅम्प उभा केला. अशा मार्शलमध्ये लेस पॉल जोडून, आवाज स्टुडिओला नकोसा होईल इतका वाढवून, एरिक क्लॅप्टन यांनी १९६६मध्ये जॉन मेयॉल यांच्यासोबत जो रेकॉर्ड केला त्याने जाड, गाता टोन काय असतो हे ठरवून टाकलं. गिब्सनने त्या घाटाची लेस पॉल त्याआधीच बंद केली होती. मागणी इतकी वाढली की १९६८मध्ये ती परत आणावी लागली. वीस वर्षांनी स्लॅश यांच्या हातात जो आवाज आला त्याचं घराणं हेच.

जिमी हेंड्रिक्स यांच्यापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण त्यांच्या टोनचा एक तुकडा मी स्वतः हाताळला आहे. उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून, तारा बदलून ते वाजवत, आणि पायाशी फझ फेस नावाचं गोल पेडल असे. त्याच्या आत फक्त अकरा भाग असतात: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, म्हणजे फिरवायची बटणं. ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. त्यात चालणारा एसी-१२८ हा ट्रान्झिस्टर भारत इलेक्ट्रॉनिक्स आपल्याकडेही बनवत असे आणि तो घराघरांतल्या रेडिओत असायचा.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांच्या बंद पडलेल्या रेडिओतून मी अशी एक जोडी काढली. बाकीचं सामान लॅमिंग्टन रोडवर घेतलं. हा ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा, म्हणून बॅटरीची प्लस बाजू ग्राउंडला जोडावी लागते. हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. मग ते वाजलं. गिटारचं व्हॉल्यूम पूर्ण उघडलं की मिरवणुकीतला कर्णा, आणि तेच बोटभर मागे घेतलं की काचेसारखा स्वच्छ आवाज. पेडलला हातही न लावता.

हे झालं जानेवारीत. मे महिन्यात तेच पेडल घरघरून बंद पडायला लागलं. सूर अर्ध्यात तुटायचा. जर्मेनियम तापलं की त्यातून गळणारा करंट वाढतो आणि ट्रान्झिस्टरचं काम ढळतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पत्र्याखालच्या आमच्या खोलीत ते कानाने कळलं. रात्री अकरानंतर, वारा सुटला की, आवाज परत जागेवर यायचा. थंड हवेच्या लंडनमध्ये घडलेला टोन मुंबईच्या उन्हाळ्यात का टिकत नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

टोनी आयोमी यांची गोष्ट सगळ्यात जड आहे. १९६५मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली गेली. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला लावल्या. पुढे तारा आणखी सैल सोडून सूर खाली आणला. त्यांच्या ब्लॅक सबाथ या बँडच्या १९७१च्या अल्बममध्ये तो दीड सूर खाली आहे. हेवी मेटलचा तो काळोखा, जमिनीला टेकलेला टोन एका जखमी हाताने शोधलेल्या वाटेतून आला आहे. गिरण्यांच्या परळ-लालबागमध्ये यंत्राने बोटं नेलेली माणसं आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. त्यामुळे ही हकिकत मला कधीच दूरची वाटली नाही.

ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर १९६३पासून घरीच गिटार घडवायला घेतली. मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं, खुणांचे ठिपके आईच्या डब्यातल्या बटणांचे, स्प्रिंगा मोटरसायकलच्या. वाजवायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सिक्सपेन्सचं नाणं. पुढे त्यांच्या क्वीन या बँडमधल्या जॉन डीकन यांनी कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून एक छोटा जर्मेनियमचा अ‍ॅम्प केला. मे यांच्या गिटारांचा व्हायोलिनच्या ताफ्यासारखा जो आवाज रेकॉर्डवर येतो, त्यात त्या अ‍ॅम्पचा मोठा वाटा आहे. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथे शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. डेव्हिड गिल्मोर यांचा अ‍ॅम्प तसा स्वच्छच. फाटणं बिग मफ पेडलमधून आणि पाठीमागचं आभाळ एकोमधून. एडी व्हॅन हेलन यांनी अ‍ॅम्पला मिळणारा व्होल्टेजच उतरवला, १२०च्या जागी ९०च्या आसपास. ज्या उपकरणाने हे केलं त्याला आपल्या प्रयोगशाळांत डिमरस्टॅट म्हणतात. मार्क नॉफ्लर यांचा टोन फाटलेला नाही, पण तोही आडवाटेचाच. स्ट्रॅटचा तीन घरांचा स्विच दोन घरांच्या मध्ये अडकवला की दोन पिकअप एकत्र लागून किंचित नाकातला, पाणीदार आवाज येतो. वादकांनी ते इतकं केलं की १९७७मध्ये फेंडरने पाच घरांचा स्विच दिला. नॉफ्लर त्यावर पिकशिवाय, नुसत्या बोटांनी वाजवतात. माझा सर्वांत आवडता टोन कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो, फझ पेडल घरात असूनही.

मुंबईत हे सगळं लवकर पोचलं, पण तुकड्या-तुकड्यांनी. १९७० आणि ७१मध्ये सिमला बीट स्पर्धेने देशभरातले बँड षण्मुखानंद हॉलमध्ये आणले. १९७१मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार ‘दम मारो दम’मधून नाक्यानाक्यावर वाजली. १९७२मध्ये लेड झेपेलिन या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मराठी रंगभूमीवरच्या भेंडे दांपत्याचा मुलगा नंदू भेंडे त्याच दशकात इथल्या रॉक बँडमधून गात होता. १९८४च्या रॉक मशीनमध्ये, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडमध्ये, महेश तिनईकर गिटारवर होते. तिनईकर हे आडनाव रेकॉर्डच्या मागे छापलेलं पाहून आम्हाला काय वाटलं ते सांगता येणार नाही. १९८६पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. डोक्यावर छप्पर नाही, पावसाची टांगती तलवार, आणि पोटात बसणारा अ‍ॅम्पचा आवाज. शांतता क्षेत्राच्या नियमांनी नंतर तिथले कार्यक्रम थांबले.

सामान मात्र नव्हतं. आयात शुल्कामुळे मार्शल किंवा लेस पॉल कुणाच्या परदेशातल्या नातेवाइकावर अवलंबून. म्हणून आम्ही टोन ऐकला तो कॅसेटवरून, तीही बहुधा कॉपीची कॉपी. प्रत्येक कॉपीत वरचे सूर झिजतात. वर्षानुवर्षं मी गिटारचा ट्रेबल कमी ठेवून वाजवत होतो, कारण माझ्या कॅसेटवर गिल्मोर तसेच ऐकू यायचे. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये पहिल्यांदा सीडी कानाला लावली तेव्हा त्या सुराला किती लखलखीत धार आहे ते कळलं. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं.

आणि जागा नव्हती, आजही नाही. शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाढवायचा तर इमारत रिकामी हवी. १९९८मध्ये लाइन सिक्सचा पॉड आला आणि अ‍ॅम्पची नक्कल हेडफोनमध्ये मिळू लागली. इंग्लंड-अमेरिकेत ती सोय होती. मुंबईत बऱ्याच जणांसाठी तेच पहिलं खरं रॉकचं वाद्य ठरलं. खरा अ‍ॅम्प हवा तर तासावर पैसे भरून जॅम रूम. आता अशी नक्कल करणारे मॉडेलर आहेत, ज्यांत उतरलेल्या बॅटरीचा आवाज आणायचं वेगळं बटण असतं.

डोंबिवलीच्या माझ्या भाच्याने ते बटण दाखवून विचारलं, ‘मामा, बॅटरी उतरलेली कशाला हवी?’ मी कपाटातून जुनं फझ काढून त्याला दिलं, एका तासाभराच्या शिकवणीसह. त्याने ते मे महिन्यात लावून पाहिलं आणि बिघडलंय म्हणून परत आणलं. मी म्हटलं, ठेव, घाई करू नकोस. डिसेंबरात एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. मागे गिटार वाजत होती, लांब सूर धरलेला, कुठेही न तुटता.