जुन्या स्पोर्ट्स कारमधील किरकोळ ऑइलगळती

इंजिनाच्या सांध्यांतून व फिरत्या शाफ्टभोवतीच्या सीलमधून तेल बाहेर येणे. सांध्याशी नुसती ओल असेल आणि तीवर धूळ बसून काळा थर झाला असेल तर तो पाझर. उभ्या गाडीखाली डाग पडू लागले की ठिबक. ढोबळमानाने 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो, म्हणजे रात्री पाच-सहा थेंब पडले तरी महिन्याला जेमतेम 10 मिलिलिटर. चालत्या इंजिनात मात्र गळती वाढते, म्हणून डागापेक्षा डिपस्टिकवर (इंजिनातली तेलपातळी दाखवणाऱ्या पट्टीवर) विश्वास ठेवावा.

वय आणि उष्णता यांमुळे रबर कडक होते, कॉर्कचे पॅकिंग आक्रसते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत सीलची कड कोरडी पडते, आणि स्पोर्ट्स कार पुष्कळदा उभीच असते. काही इंजिनांत गळती रचनेतच होती. 1962 साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पहिल्या, तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हते. शाफ्टवरच्या आट्यांसारख्या खाचा फिरताना तेल आत ढकलत. इंजिन थांबले की ढकलणारे कोणी नाही! ‘गळत नसेल तर तेल संपले असेल’ हा ब्रिटिश गाड्यांच्या मालकांचा विनोद उगाच आलेला नाही. हवेने थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे 911 मध्ये इंजिनाखालच्या तेल-परतीच्या नळ्यांच्या ओ-रिंगा (गोल रबरी कड्या) थकतात. तिथले तेल केबिनसाठी हवा तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरवर पडले की जळका वास थेट केबिनमध्ये येतो.

खरे काम उगम शोधण्याचे. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे दोष क्वचितच असतो. 1989 ते 1997 च्या माझ्दा एमएक्स-5 मध्ये सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागे कॅमशाफ्टची स्थिती टिपणारा कॅम अँगल सेन्सर असतो. त्याची ओ-रिंग गेली की तेल बेलहाउसिंगवरून (इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणावरून) उतरते आणि मागचे क्रँक सील गेल्याचा हुबेहूब भास होतो. त्या भासापायी गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे क्षुल्लक ओ-रिंगसाठी दोन दिवसांची हमाली. ती बदलताना सेन्सर व हेड या दोन्हींवर आधी खूण करावी, नाहीतर इग्निशन टायमिंग हलते.

इंजिन डिग्रीझरने धुऊन वाळवावे, दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. संशयित सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरली तर तेलाची वाट रेघेसारखी उमटते. तरी सापडले नाही तर तेलात रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली बघतात. पॅकिंग बदलण्याआधी इंजिनातले वायू बाहेर सोडणारे ब्रीदर व पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावेत. ते तुंबले की क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचात) दाब साचतो आणि नवे सीलही गळते.

टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग बदलणे घरी जमण्यासारखे आहे. बोल्टांना सहसा 10 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी टॉर्क (आवळण्याचा पीळ) लागतो; जोर करून आवळले तर पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती वाढते. सिलिकॉन सीलंट मॅन्युअलने सांगितलेल्या कोपऱ्यांतच आणि बेताने लावावा. आत ओघळलेला तुकडा सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतो. सील फुगवणारी ॲडिटिव्हे कडक रबराला काही काळ मऊ करतात, पण फाटलेल्या सीलवर किंवा आक्रसलेल्या कॉर्कवर त्यांचा उपयोग नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणारे तेल पेट घेऊ शकते. टायमिंग बेल्ट, क्लच किंवा ब्रेकपर्यंत पोचणारे तेलही थांबवलेच पाहिजे, मग ते थेंबभर का असेना. मागच्या क्रँक सीलचा साधा पाझर मात्र तेलाची पातळी राखत चालवून घ्यावा आणि क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा सील बदलावे. तेव्हा शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. जुन्या सीलने चर पाडला असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवतात किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात.