माडांसारख्या रांगेतल्या मूळ संख्या

नारळाची नवी बाग धरताना दोन माडांत साडेसात मीटर अंतर सोडतात. ते माणूस मोजून ठरवतो. मूळ संख्या मात्र कुणी लावलेल्या नाहीत. शंभरपर्यंत त्या २५ आहेत, हजारापर्यंत १६८. पुढे त्या विरळच होत जातात. तरीही त्यांच्यात सरळ रांगा सापडतात.

५, ११, १७, २३, २९. फरक ६ चा. पुढे ३५ येतो आणि रांग तुटते. ७ पासून ३०-३० ने गेलात तर ३७, ६७, ९७, १२७, १५७ अशा मिळून सहा. १९९ पासून २१० ने गेलात तर चक्क दहा!

६, ३०, २१० हेच फरक का? १० घेऊन पाहा: ३, १३, २३ आणि मग ३३. फरकाला ३ ने भाग जात नसेल, तर रांगेतल्या लागोपाठच्या कुठल्याही तीन संख्यांपैकी एकीला ३ ने भाग जातोच. ती संख्या स्वतः ३ असेल तरच निभावतं. ५ आणि ७ चंही असंच. म्हणून दहांची रांग हवी तर फरकाला २, ३, ५, ७ या चौघांनीही भाग गेला पाहिजे, आणि २१० हा असा सर्वांत लहान फरक. कोकणातल्या शाळांतल्या मुलांनी हे गणित वहीवर जरूर करून पाहावं. त्याला भागाकारापलीकडे काही लागत नाही.

कोणतीही रांग अनंत चालत नाही. ७ पासून निघालात की सात पावलांनी पुन्हा ७ ने भाग जाणारी संख्या येणारच. पण रांग हवी तेवढी लांब मिळते का? मिळते, हे बेन ग्रीन आणि टेरेन्स ताओ या गणितज्ञांनी २००४ साली सिद्ध केलं. हंगेरीचे गणितज्ञ सेमेरेदी यांचं १९७५ चं प्रमेय सांगतं की दाट पसरलेल्या संख्यासंचांत हव्या तेवढ्या लांब रांगा असतातच; मूळ संख्या तर विरळ. म्हणून या दोघांनी ‘जवळजवळ मूळ’, म्हणजे लहान मूळ संख्यांनी भाग न जाणाऱ्या, अशा संख्यांचा मोठा संच घेतला. त्यात खऱ्या मूळ संख्यांचा वाटा पुरेसा भरतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

प्रत्यक्षात २०१९ साली संगणकांनी २७ मूळ संख्यांची रांग शोधली, प्रत्येक संख्या अठरा अंकी. मधली एकही मूळ संख्या न गाळता बनलेल्या रांगांचं कोडं याहून अवघड आहे. ४७, ५३, ५९ ही तशी एक. अशा तीन-तीनच्या रांगा अनंत आहेत का, एवढंही अजून सिद्ध झालेलं नाही.