हप्त्याला मुदत की कर्जाला माफी?

नागपुरात बेसा, मनीषनगरकडच्या फ्लॅटस्कीममध्ये हप्ते थकायला लागले की एक प्रश्न हमखास येतो: शेतकऱ्यांचं कर्ज माफ होतं, मग आमचं का नाही? 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या विदर्भाने जवळून पाहिल्या आहेत, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण गृहकर्जात दिलासा म्हणून जे बहुतेकदा मिळतं ती मुदत असते, माफी नव्हे. ही गल्लत फार महागात पडते.

माफीत देणं कमी होतं. मुदतीत फेड फक्त लांबते आणि व्याज चालूच राहतं. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलू देण्याची मुभा बँकांना दिली, तेव्हा कित्येकांनी हप्ते सुटलेच असं धरलं. आता हिशेब बघा. 30 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता सुमारे 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 4,785. अगदी सुरुवातीला तीन हप्ते थांबवले आणि पुढे हप्ता तेवढाच ठेवला, तर एकूण जवळपास 14 हप्ते जास्त भरावे लागतात. कर्ज संपत आलं असेल तर हा फटका किरकोळ असतो. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च 2021 मध्ये त्या काळातलं पूर्ण व्याज माफ करायला नकार दिला. सुटलं ते फक्त व्याजावरचं व्याज.

मग ऐपतीबाहेर कर्ज काढलेल्याला काय मिळावं? माझ्या मते मुदत नक्की मिळावी. हिंगणा एमआयडीसीतल्या कामगाराचा ओव्हरटाइम कायमची कमाई धरून कर्ज मंजूर झालं असेल, तर चूक एकट्या त्याची कशी? शिवाय मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, त्यात त्याचा काय दोष? मुद्दलमाफीला मात्र माझा विरोध आहे. ऐपत ओळखून भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेल्या माणसाच्या करातून दुसऱ्याचा थ्री बीएचके का फिटावा? अमेरिकेतही 2009 च्या सरकारी योजनेचा भर व्याज उतरवून, मुदत वाढवून हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांवर आणण्यावर होता.

एकरकमी तडजोडीत, म्हणजे ठरलेली रक्कम एकदाच भरून खातं मिटवताना, बँक काही रक्कम सोडते, पण क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढचं कर्ज अडतं.

मुदत हवी असेल तर हप्ता थकण्याआधीच पगारपत्रक जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 90 दिवसांवर थकबाकी गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर घराचा ताबा. ताब्याविरुद्ध 45 दिवसांत नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण तिथे तपासलं जातं ते बँकेची कारवाई कायद्याप्रमाणे झाली का एवढंच.